नाशिकची रेड वाइन चाखायला जाताय? आधी शिराझचा एक मणी चावून बघा

आठ वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा नाशिकच्या एका वायनरीत टेस्टिंगला गेले. काउंटरपलीकडचा मुलगा भराभर सांगत होता, "यात ब्लॅकबेरी आहे, प्लम आहे, सीडर आहे, शेवटी डार्क चॉकलेट येतं." ब्लॅकबेरी मी तोवर खाल्लेली नव्हती आणि सीडरचं लाकूड कधी हुंगलं नव्हतं. सगळे मान डोलावत होते, मीही डोलावली. पाच ग्लास पंधरा मिनिटांत संपले. बाहेर आले तेव्हा मला एवढंच कळलं होतं की रेड वाइन तुरट असते.

मला हे जास्त लागलं, कारण माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. छाटणी, डिपिंग, विरळणी हे शब्द ऐकत मी वाढले. पुढच्या फेब्रुवारीत मामांना म्हटलं, मला वाइनची बाग बघायची आहे. ते मला दिंडोरीकडे त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे घेऊन गेले. त्यांनी शिराझचा, म्हणजे रेड वाइनच्या एका काळ्या द्राक्षाचा, घड तोडून हातात दिला आणि म्हणाले, "ताई, मणी नुसता चोखू नका. साल चावा, बी पण चावा." तेव्हा तोंडात जे घडलं, त्याने माझा सगळा गोंधळ सुटला. आधीच्या वर्षी ग्लासात जे जाणवलं होतं, ते सगळं त्या सालीत आणि बीमध्ये होतं.

म्हणून या लेखातला क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे. आधी घरची तयारी, मग बाग, आणि ग्लास त्यानंतर.

१. जाण्याआधी घरी तीन कप मांडा

रेड वाइनमध्ये तीन गोष्टी ओळखता आल्या की निम्मं काम झालं: तुरटपणा, आंबटपणा आणि अल्कोहोलची ऊब. नवख्या माणसाला हे तिन्ही एकदम अंगावर येतात आणि सगळ्याला मिळून तो "कडू" म्हणतो. वेगवेगळं ओळखायला स्वयंपाकघर पुरेसं आहे.

पहिल्या कपात कोरा चहा घ्या, बिनसाखरेचा, दहा मिनिटं उकळलेला. गार झाल्यावर घोट घेऊन तोंडात फिरवा. गालांची आतली बाजू कोरडी पडेल आणि जीभ हिरड्यांना चिकटल्यासारखी वाटेल. हा तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं. कच्चं केळं, सुपारी आणि न पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर हेच होतं.

दुसऱ्या कपात पाण्यात लिंबू. घोट गिळल्यावर तोंड किंचित उघडं ठेवून मान खाली घाला. जिभेच्या दोन्ही कडांना लाळ सुटेल. म्हणजे आंबटपणा लाळ आणतो आणि तुरटपणा लाळ घालवतो. एवढा फरक लक्षात राहिला तरी तुम्ही बहुतेकांच्या पुढे असाल.

अल्कोहोलची ऊब घशात आपोआप कळते, तिला कप नको. तिसरा कप वासाचा: त्यात चार-पाच काळे मिरे भरड कुटून ठेवा. खायचे नाहीत, फक्त हुंगायचे. शिराझमध्ये बऱ्याचदा मिऱ्याचा वास येतो, आणि तो नुसता मिऱ्यासारखा नसतो. मिऱ्यात जो रोटंडोन नावाचा घटक असतो, तोच शिराझच्या सालीतही असतो. काही लोकांच्या नाकाला रोटंडोन कळतच नाही, त्यामुळे तुम्हाला मिरी सापडली नाही तर स्वतःला दोष देऊ नका.

२. द्राक्षाचं वर्ष समजून घ्या, मगच तारीख ठरवा

इथली वेल युरोपातल्या वेलीसारखी वागत नाही. फ्रान्समध्ये थंडीत वेल झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला तोडणी होते. वर्षाला एक छाटणी. आपल्याकडे वेल झोपत नाही आणि वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमधली ती खरड छाटणी. तिच्यानंतर नवीन काड्या तयार होतात आणि उन्हाळ्याच्या उजेडात काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या घडांची निर्मिती होते. मग पावसाळा जाऊ द्यायचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि तिच्या फुटीवर फळ धरतं. रेड वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. व्हाइट वाइनची द्राक्षं त्याआधी निघतात.

एवढा खटाटोप पावसामुळे आहे. जून ते सप्टेंबर वेलीवर फळ असेल तर डावणी, भुरी आणि कुज हे रोग मिळून काही शिल्लक ठेवणार नाहीत. म्हणून फळ हिवाळ्यात आणायचं. नाशिक वाइनला चांगलं ठरलं ते याच हिवाळ्यामुळे. साधारण ६०० मीटर उंचीवरचं पठार, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री कडाका. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत असतो, तो उगाच नाही. दिवसाच्या उन्हाने मण्यात साखर भरते आणि थंड रात्री आंबटपणा टिकवून धरतात. नाशिक २० अक्षांशावर आहे, युरोपातले वाइनचे प्रदेश याच्या कितीतरी उत्तरेला. नुसता नकाशा बघितला तर इथे वाइन होईल असं वाटणार नाही. उंची आणि थंडी यांनी ते जमवलं.

यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली: जायचं ते फेब्रुवारीत, शक्यतो मधल्या आठवड्यात. तेव्हा रेडचे घड वेलीवर असतात आणि वायनरीत यंत्रं चालू असतात. मेमध्ये गेलात तर नुसती पानं आणि काड्या दिसतील. दुसरी: बाटलीवरचं वर्ष म्हणजे तोडणीचं वर्ष. २०२३ लिहिलेल्या बाटलीतलं फळ २०२२ च्या पावसाळ्याअखेर छाटलेल्या वेलीचं. त्या हिवाळ्यात अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली होती का, हे आठवून बघायची मला आता सवय लागली आहे. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला की मणी तडकतात, सड लागते आणि रसही पातळ होतो.

३. सोबत काय घ्यायचं

- वयाचा पुरावा: आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्स. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं. तरुण दिसत असाल तर नक्की विचारतात.
- मद्यसेवन परवाना: राज्याच्या दारूबंदी कायद्यानुसार परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून तो वर्षाचा किंवा आजीवन काढता येतो, एका दिवसाचाही मिळतो. बाटल्या घेऊन घरी जायचं असेल तर परवाना आणि बिल दोन्ही जवळ ठेवा.
- बुकिंग: आधी फोन करा. "टूरमध्ये बाग दाखवता का, की फक्त टाक्या?" हे स्पष्ट विचारा. बऱ्याच ठिकाणी बाग म्हणजे फोटोपुरती एक ओळ असते.
- वही आणि पेन. मोबाईलवर लिहू नका, पुढच्या ग्लासपर्यंत हातात रील चालू असतं.
- एक पांढरा कोरा कागद, रंग बघायला.
- पाण्याची बाटली आणि साधा पाव किंवा बिनमसाल्याची बिस्किटं.
- थर्माकोलचा डबा किंवा कूलर बॅग. याचं महत्त्व मी नुकसान सोसून शिकले, पुढे सांगते.
- गाडी चालवणारा, न पिणारा माणूस. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे आणि टेस्टिंगचे चार-पाच नमुने न थुंकता प्यायलात तर ती सहज ओलांडू शकते. कोणी नसेल तर दिवसभरासाठी गाडी ठरवा.

२६ जानेवारीची जोडून सुट्टी बघून बेत आखणारे दरवर्षी फसतात. तो ड्राय डे असतो. निवडणुकीच्या तारखाही बघून घ्या.

त्या दिवशी अत्तर, परफ्यूम लावू नका. तंबाखू, सुपारी, पान बंद. आणि नाशिकला जाऊन सकाळी मिसळ खायचा मोह होणारच, तो संध्याकाळपर्यंत आवरा. मला मिसळ अतिशय प्रिय आहे, पण तिखट खाल्लेल्या जिभेवर अल्कोहोल जाळतं आणि तुरटपणा दुप्पट वाटतो. सकाळी इडली किंवा दहीभात खाऊन निघा. उपाशी मात्र जाऊ नका.

४. कुठे जायचं: एका दिवसात एकच बाजू

सगळ्या वायनरी एका दिवसात उरकायचा बेत करू नका. तीन दिशा आहेत, त्यातली एक निवडा.

*गंगापूर धरणाची बाजू.* शहरापासून दहा-बारा किलोमीटर. सुला इथलीच. राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये इथे वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आली. जवळच गंगावऱ्हे गावाकडे यॉर्क आणि सोमा आहेत. राहण्या-खाण्याची सोय उत्तम, आणि गर्दीही सगळ्यात जास्त. शनिवारी दुपारी इथे शांतपणे चाखणं अवघड. मंगळवारी सकाळी अकराला जा.

*दिंडोरी.* शहराच्या उत्तरेला सुमारे २५ किलोमीटर. रेडसाठी माझी पहिली पसंती हीच. उतारावरचा मुरूम, पाणी धरून न ठेवणारी जमीन आणि थंड रात्री. सुलाच्या दिंडोरी रिझर्व्ह शिराझच्या नावात गावच आहे.

*इगतपुरी तालुक्यातलं संजेगाव.* इथे ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने. मुकणे धरणाचं पाणी समोर आणि मागे सह्याद्री. पाऊस इथे निफाडच्या कित्येक पट. गर्दी कमी, आणि मुंबईहून येणाऱ्यांना वाटेवर पडतं.

या तीन दिशांबाहेर निफाड-पिंपळगाव बसवंत हा पट्टा आहे, खाण्याच्या द्राक्षांचा राजा. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि विंचूरला वाइन पार्क उभा राहिला तो याच भागात. कुंदेवाडीची रेव्हेलो इथलीच, ती इटालियन जातींच्या वाइन करते. त्यातली नेरो डाव्होला ही जात मुद्दाम चाखायची असेल तर इकडे वळा.

५. बागेत: साल चावा, बी चावा

ही पायरी टाळू नका. वायनरीत विनंती केली तर एखादा मणी तोडू देतात. न विचारता तोडू नका, कारण फवारणी कधी झाली ते तुम्हाला माहीत नसतं.

पहिल्यांदा नुसतं बघा. मामांची थॉमसन सीडलेसची, म्हणजे खायच्या द्राक्षाची बाग मांडवावर चढलेली, मणी लांबट, फुगीर आणि एकसारखे. मणी वाढावा म्हणून तिथे घड जिबरेलिक अ‍ॅसिडच्या द्रावणात बुडवतात. शिराझची वेल तारेवर उभी बांधलेली. घड हातात मावेल एवढा, मणी करवंदाएवढा, काळाभोर, वर पांढुरकी लव. मामा पहिल्यांदा तो घड बघून म्हणाले होते, "हा माल बाजारात कोण घेणार?" पण वाइनवाल्याला मणी लहानच हवा. रंग आणि टॅनिन सालीत असतात, गर जवळजवळ बिनरंगी. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून पाणी मोजून देतात आणि वेलीला थोडा ताण बसू देतात.

आता मणी तोंडात घ्या आणि घाई न करता तीन भागांत खा.

आधी रस. खाण्याच्या द्राक्षापेक्षा किती गोड आहे बघा. वाइनचं द्राक्ष साधारण २२ ते २४ ब्रिक्सला तोडतात. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. त्याखाली आंबटपणा आहे का? नुसती साखर लागली तर वाइन जड होणार.

मग साल. दाढेखाली दहा-बारा वेळा चावा. आधी गोडवा निघून जाईल, मग जांभळाच्या सालीची चव आणि त्यामागून तुरटपणा. आता बोट बघा. चिमटीत धरलेल्या जागी जांभळा डाग पडला असेल. वाइनचा रंग तो हाच.

शेवटी बी. थुंकून तळहातावर घ्या. हिरवट असेल तर फळ अजून तयार नाही. तपकिरी असेल तर चावा. पिकलेलं बी कुरकुरीत तुटतं आणि भाजलेल्या दाण्याच्या टरफलासारखं लागतं. हिरवं बी नुसतं कडवट आणि जीभ ओरबाडणारं. मी पहिल्या दिवशी शेजारशेजारच्या दोन ओळींतले मणी चावले होते. एक ओळ सकाळच्या उन्हाची, दुसरी विहिरीजवळच्या सावलीतली. जात एक, वय एक, माणूस एक. सावलीतल्या मण्यात मिरी होती आणि बी हिरवं होतं. उन्हातल्यात मिरी जवळजवळ नाही, पण जांभूळ भरपूर आणि बी तपकिरी. "मग तोडणी कधी करायची?" मी विचारलं. शेतकरी म्हणाले, "तेच तर रोज सकाळी चावून ठरवायचं."

६. वायनरीत काय विचारायचं

टूरमध्ये टाक्या, लिटर, देश-विदेशातली यंत्रं यांचीच माहिती जास्त मिळते. तुम्ही तीन प्रश्न विचारा.

साल रसात किती दिवस ठेवता? रेड वाइन सालीसकट आंबवतात. आंबताना साली वर येऊन जाड थर बनतो, तो रोज खाली दाबावा लागतो किंवा खालचा रस पंपाने त्यावर सोडावा लागतो. जितके जास्त दिवस, तितकं सालीतलं जास्त काही उतरणार.

मॅलोलॅक्टिक होऊ देता का? नाव अवघड आहे, गोष्ट घरचीच. हिरव्या सफरचंदात असतं ते धारदार आम्ल जिवाणू बदलून दह्या-ताकातल्या मऊ आम्लात नेतात. जवळजवळ सगळ्या रेड वाइनमध्ये हे होतं, म्हणूनच ती जिभेला बोचत नाही.

ओकच्या पिंपात किती महिने? नेहमीचं पिंप २२५ लिटरचं असतं. आतून भाजलेल्या लाकडातून व्हॅनिला, धूर आणि लवंग उतरते. लवंगेला लवंगेचा वास देणारा युजेनॉल ओकच्या लाकडातही असतो. पुढे ग्लासात लवंग सापडली तर ती बागेची नाही, पिंपाची आहे हे तुम्हाला कळेल.

या प्रश्नांची उत्तरं वहीत वाइनच्या नावासमोर लिहा.

७. ग्लाससमोर

एका बैठकीत चारच वाइन घ्या, फार तर पाच. हलकी आधी, पिंपातली शेवटी. थुंकायला भांडं मागा. आपल्याकडे थुंकणं असभ्य मानतात, म्हणून लोक लाजतात आणि तिसऱ्या ग्लासनंतर त्यांना काही कळेनासं होतं. चाखणारे सगळे थुंकतात. वायनरीतला माणूस भांडं मागितल्यावर उलट खूश होतो आणि तुमच्याशी जास्त बोलायला लागतो.

*रंग.* ग्लास कांडीला धरा, पेल्याला नाही, हाताने वाइन तापते. पांढऱ्या कागदावर तिरका करा आणि कड बघा. कोवळ्या शिराझची कड जांभळी, जुन्या वाइनची विटकरी. दोन वर्षांची वाइन विटेच्या रंगाची दिसली तर ती उन्हात किंवा हवेत खराब झाली असायची शक्यता मोठी. ग्लासच्या आत ओघळणाऱ्या थेंबांवर फार वेळ घालवू नका. ते मुख्यतः अल्कोहोलमुळे असतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

*वास.* आधी ग्लास न हलवता एकदा हुंगा. मग टेबलावर ठेवूनच गोल फिरवा आणि पुन्हा. मोठा श्वास घेऊ नका. फूल हुंगतो तसे दोन-तीन छोटे श्वास. नाक दमलं की स्वतःच्या मनगटाचा वास घ्या आणि परत या.

इथे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं: परदेशी फळांच्या नावांमागे धावू नका. वास आठवणीत असावा लागतो आणि आपली आठवण आपल्या बाजारातली आहे. मी वहीत असे शब्द लिहिते: जांभूळ, करवंद, तुती, काळी मनुका, सुकं अंजीर, आमसूल, खजूर. मसाल्यांत मिरी, लवंग, दालचिनी, जायफळ. त्यापलीकडे तंबाखूचं पान, चुलीचा धूर, काकवी, पावसाआधी उठतो तो मातीचा वास. कॅबर्ने या रेड वाइनच्या दुसऱ्या जातीत कधी चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो. फळ थोडं कच्चं राहिलं की तो वाढतो. ब्लॅकबेरी न खाल्लेल्या माणसाने "पिकलेलं करवंद" लिहिलं तर ते जास्त खरं आहे.

खराबीचे वासही शिकून घ्या. ओल्या गोणपाटाचा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बुचातला दोष. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास म्हणजे वाइन बिघडायला लागली आहे. विझलेल्या काडीचा वास आला तर घाबरू नका, पाच मिनिटं ग्लास फिरवा, तो बहुधा उडून जातो. दोष वाटला तर संकोच न करता दुसऱ्या बाटलीतली मागा.

*तोंड.* चहाच्या घोटाएवढी वाइन घ्या आणि चूळ भरल्यासारखी फिरवा. आता घरचे पहिले दोन कप आठवा. लाळ कुठे सुटली? तोंड कुठे कोरडं पडलं? घशात ऊब किती? मग सालीच्या तुरटपणाची आठवण काढा. टॅनिन मऊ, मखमली वाटतंय की हिरव्या बीसारखं ओरबाडतंय? थुंकल्यावर मनात आकडे मोजा. पाचपर्यंत चव गेली तर साधी वाइन, बारा-पंधरापर्यंत राहिली तर लक्षात ठेवण्यासारखी.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी: "दिंडोरी, शिराझ. कड जांभळी. आधी करवंद, मग मिरी, दहा मिनिटांनी लवंग. आंबट मध्यम. टॅनिन गालांना, हिरड्यांना नाही. चौदापर्यंत मोजलं. आईच्या काळ्या मसाल्याचा डबा उघडल्यासारखं." शेवटचं वाक्य कुठल्याही अधिकृत तक्त्यात बसणार नाही, पण ती वाइन मला आजही आठवते ती त्या वाक्यामुळे.

८. बाटली घेताना इथे फसू नका

*पोर्ट म्हणजे रेड वाइन नव्हे.* गोव्याहून आणलेली गोड, स्वस्त पोर्ट पिऊन अनेकांची रेड वाइनशी ओळख होते आणि मग कोरडी शिराझ त्यांना आंबट वाटते. मूळ पोर्ट पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली, तिच्यात आंबणं थांबवायला द्राक्षाचं स्पिरिट घालतात. तो प्रकारच वेगळा.

*फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाइन नव्हे.* आपल्या हवेत मला तर फिरकीच जास्त भरवशाची वाटते.

*"रिझर्व्ह" शब्दावर पैसे देऊ नका.* स्पेनमध्ये या शब्दामागे कायद्याने ठरवलेली मुदत असते. आपल्याकडे ज्याचा तो ठरवतो. मागच्या लेबलवर पिंपाचे महिने लिहिले आहेत का ते बघा.

*जुनी म्हणजे चांगली नव्हे.* नाशिकच्या साध्या रेड वाइन तोडणीपासून तीन-चार वर्षांत पिऊन टाका. दुकानात वरच्या फळीवर दिव्याखाली उभी असलेली पाच वर्षांपूर्वीची बाटली सवलतीत मिळाली तरी घेऊ नका.

*गाडीतली उष्णता.* एका एप्रिलमध्ये मी तीन बाटल्या डिकीत ठेवून जेवायला थांबले. दोन तासांनी एका बाटलीचं बूच अर्धा सेंटिमीटर वर आलं होतं. घरी उघडली तर करवंद-मिरी काही नाही, नुसता शिजवलेल्या मनुकांचा वास. म्हणून थर्माकोलचा डबा.

आणि एक: रेड वाइन हृदयाला चांगली, असं सांगून कोणी विकत असेल तर त्यावर जाऊ नका. अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. चवीसाठी थोडी घ्या, औषध म्हणून नको.

९. घरी: दोन बाटल्या शेजारी

"रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी" हे युरोपातल्या थंड खोल्यांसाठी आहे. आपल्याकडच्या ३२ अंशांत ती जड आणि जळजळीत लागते. १६ ते १८ अंश हवेत, म्हणून बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडा.

प्रदेश म्हणजे काय हे जिभेला कळावं म्हणून एकच जात, दोन गावं असं करा. एक नाशिकची शिराझ आणि एक अकलूजची. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला फ्राटेलीच्या बागा आहेत, तिथली हवा जास्त कोरडी आणि उष्ण. किमतीत आणि वर्षात जवळपास असलेल्या बाटल्या घ्या. त्यांना वर्तमानपत्र गुंडाळून कोणाला तरी ओतायला सांगा. दोन्ही ग्लास एकाच आकाराचे हवेत आणि एक तृतीयांशच भरा. आधी लिहा, मग कागद काढा.

जेवणात सुकं मटण ठेवा, तिखट निम्मं करून. मांसातली चरबी आणि प्रथिनं टॅनिनला पकडतात आणि वाइन एकदम मऊ होते. शाकाहारी असाल तर दाण्याचं कूट आणि खोबरं घातलेली भरली वांगी उत्तम. तेलकट मासे मात्र रेडबरोबर नकोत, तोंडात लोखंडाची चव येते.

उरलेल्या बाटल्या झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा चाखा. आदल्या दिवशी आखडलेली वाइन कधीकधी रात्रीतून मोकळी होते. माझ्या घरी नाशिकच्या बाटलीतली मिरी दुसऱ्याच दिवशी सापडली होती. तिसऱ्या दिवसानंतर जे उरेल ते मटणाच्या रश्श्यात घाला.